ल्यूमेन, कँडेला, लक्स, निट: उजेडाचे आकडे वाचायचे कसे

बल्बच्या खोक्यावर ८०६ ल्यूमेन. टॉर्चच्या खोक्यावर १०,००० कँडेला. फोनच्या जाहिरातीत १,००० निट. टेबलावर किती उजेड असावा हे सांगणाऱ्या तक्त्यात ५०० लक्स. आणि या सगळ्यांच्या आधीपासून आपल्या तोंडी बसलेले वॉट. आकडे सगळे उजेडाचेच, पण एकाची दुसऱ्याशी थेट तुलना होत नाही. नवखा माणूस इथे गोंधळतो आणि शेवटी ज्या खोक्यावर आकडा मोठा तो उचलून मोकळा होतो.

कोणताही आकडा समोर आला की आधी एकच विचारायचं: हा कुठे उभं राहून मोजलाय? दिव्यातून सगळीकडे मिळून किती उजेड बाहेर पडतो ते ल्यूमेन सांगतं. त्यातला एका दिशेला किती जोरात जातो ते कँडेला. एखाद्या पृष्ठभागावर किती येऊन पडतो ते लक्स. आणि त्या पृष्ठभागाकडे किंवा पडद्याकडे बघताना तो किती झळाळतो ते निट. या क्रमानेच पुढे जाऊ. गणित गुणाकार-भागाकारापलीकडचं नाही, फोनवरचा कॅल्क्युलेटर जवळ असला की झालं.

पायरी १: वॉटची सवय मोडा

वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचं माप. तारेच्या बल्बच्या जमान्यात वॉटवरून उजेडाचा अंदाज बांधणं चालून जायचं, कारण ते सगळेच बल्ब सारखेच उधळे होते: एका वॉटमागे साधारण १२ ते १५ ल्यूमेन, उरलेली वीज उष्णतेत वाया. एलईडीत तसं नाही. एका वॉटमागे ८० ल्यूमेन देणारेही मिळतात आणि १५० च्या वर जाणारेही. म्हणजे ९ वॉटचे दोन बल्ब शेजारी ठेवले तर एक ७०० ल्यूमेनचा निघू शकतो आणि दुसरा हजाराच्या पलीकडचा.

मग ‘६० वॉटच्या बल्बइतका’ या दाव्याचं काय करायचं? तो वाचा आणि लगेच शेजारचा ल्यूमेनचा आकडा बघा. युरोपीय संघाने २००९ च्या नियमांत एलईडीसाठी ही तुलना पक्की करून टाकली: ४० वॉटशी बरोबरी सांगायची तर किमान ४७० ल्यूमेन, ६० ला ८०६, ७५ ला १,०५५ आणि १०० ला १,५२१. हे चार आकडे लक्षात ठेवले तर जुन्या सवयीतून नव्या मापात यायला सोपं जातं. बरोबरीचा दावा आहे पण ल्यूमेन कुठेच छापलेले नाहीत, असा बल्ब मी तरी खाली ठेवतो.

ल्यूमेनला वॉटने भागलं की दिव्याची कार्यक्षमता मिळते. वीजबिलासाठी हा आकडा बघायचा, उजेडासाठी नाही. त्याला एक कमाल मर्यादाही आहे, ६८३ ल्यूमेन प्रति वॉट. त्याहून जास्त देणारा दिवा बनणं शक्यच नाही, आणि पांढऱ्या उजेडासाठी तर मर्यादा त्याच्याही बरीच खाली आहे. ही ६८३ आली कुठून, ते पुढच्या पायरीत.

पायरी २: ल्यूमेनमध्ये डोळा मोजलेला आहे

ही पायरी थोडी सावकाश वाचा. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

दिव्यातून बाहेर पडणारी ऊर्जा वॉटमध्येही मोजता येते. पण आपला डोळा सगळ्या रंगांना सारखा दाद देत नाही. हिरवट-पिवळ्या उजेडाला तो सगळ्यात जास्त संवेदनशील, तांबड्या आणि निळ्याकडे सरकाल तसा मंद, आणि अवरक्त किंवा अतिनील किरणांना ठार आंधळा. १९२४ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने सरासरी डोळ्याच्या या संवेदनशीलतेचा वक्र प्रमाण म्हणून स्वीकारला. त्याचं शिखर ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीवर आहे. शिखरावर १ वॉट प्रकाश म्हणजे ६८३ ल्यूमेन. बाकी कोणत्याही रंगाला त्याच्या वाट्याची कात्री लागते.

कात्री किती मोठी असते ते पाहा. ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाला वक्रावर ०.१०७ एवढाच गुणांक आहे, म्हणून त्याचा १ वॉट म्हणजे जेमतेम ७३ ल्यूमेन. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला ०.०३८, म्हणजे २६ ल्यूमेन. टीव्हीच्या रिमोटमधली अवरक्त एलईडी कितीही वॉटची असली तरी ल्यूमेन शून्य. सारख्याच शक्तीचे दोन लेझर पॉइंटर, एक हिरवा ५३२ नॅनोमीटरचा आणि एक तांबडा ६५० चा, भिंतीवर टाकले तर हिरवा कितीतरी पट प्रखर दिसतो. त्याचं कारण हेच. आणि म्हणूनच लेझर डोळ्याला किती घातक ते त्याच्या दिसण्यावरून ठरवायचं नसतं, ते मिलिवॉटमध्ये बघायचं. मंद दिसणारा तांबडा ठिपका हिरव्याइतकीच ऊर्जा डोळ्यात ओतत असतो.

अंधाराला सरावलेल्या डोळ्याचा वक्र वेगळा आहे. तो १९५१ मध्ये ठरला आणि त्याचं शिखर ५०७ नॅनोमीटरवर, म्हणजे निळ्याच्या बाजूला सरकलेलं आहे. खोक्यांवरचे ल्यूमेन मात्र नेहमी उजेडातल्या डोळ्याचेच असतात.

आणखी एक गोष्ट ल्यूमेन सांगत नाही: तुम्हाला ‘किती वाटेल’. ल्यूमेन दुप्पट केले तर उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटत नाही, थोडासा वाढल्यासारखा वाटतो. डोळा स्वतःला सतत जुळवून घेत असतो. तेव्हा ८०० च्या जागी ९०० ल्यूमेनचा बल्ब लावून खोली उजळेल अशी आशा धरू नका, तो फरक तुमच्या लक्षातही येणार नाही.

पायरी ३: कँडेला, म्हणजे दिशा

ल्यूमेन हा दिव्याचा एकूण हिशेब. पण तो उजेड चहूकडे विखुरलाय की एका झोतात आवळलाय, हे त्यातून कळत नाही. ते काम कँडेलाचं. नळीच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी तेवढंच राहतं आणि धार मात्र लांब जाते. तसंच इथेही, ल्यूमेन तेवढेच ठेवून झोत अरुंद केला की कँडेला वाढतात.

मापन पद्धतीतल्या सात मूलभूत एककांत मीटर, किलोग्रॅम, सेकंद यांच्या पंक्तीला कँडेला बसलेलं आहे, आणि माणसाच्या डोळ्याशी थेट बांधलेलं त्यातलं हे एकटंच. त्याची कुळकथाही मजेशीर आहे. १८६० च्या ब्रिटिश कायद्यात प्रमाण म्हणून चक्क एक मेणबत्ती होती: स्पर्म व्हेलच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाची, एक षष्ठांश पौंड वजनाची आणि तासाला १२० ग्रेन (ग्रेन हे जुनं ब्रिटिश वजनमाप) या गतीने जळणारी. जर्मनीत अमाइल ॲसिटेटवर चालणारा, ४० मिलिमीटर उंच ज्योतीचा हेफ्नर दिवा प्रमाण मानत. फ्रान्सचा दिवा आणखी वेगळा. प्रत्येकाची मेणबत्ती निराळी म्हटल्यावर आकडे जुळणार कसे? १९४८ मध्ये ज्योतीचा नाद सोडून प्लॅटिनमच्या गोठण्याच्या तापमानाला, म्हणजे सुमारे १,७६८ अंश सेल्सिअसला तापलेल्या आदर्श काळ्या पदार्थाचा (अंगावर पडलेला सगळा प्रकाश शोषून घेणाऱ्या) उजेड आधाराला घेतला. १९७९ पासून व्याख्या थेट ५४० टेराहर्ट्झ वारंवारतेच्या प्रकाशावर आली. ही वारंवारता म्हणजेच आपलं मघाचं ५५५ नॅनोमीटरचं शिखर. २०१९ मध्ये मांडणी नव्याने झाली तरी ६८३ हा आकडा तसाच ठेवला. तो असा वेडावाकडा असण्याचं कारण एवढंच, की नवं कँडेला जुन्या मेणबत्तीच्या जवळपास राहावं. साधी मेणबत्ती आजही अंदाजे १ कँडेलाच देते.

आता हिशेब. दिव्याभोवतीचा संपूर्ण गोल म्हणजे १२.५७ स्टेरेडियन. स्टेरेडियन हे त्रिमितीय कोनाचं एकक. १ कँडेलाची मेणबत्ती सगळीकडे सारखा उजेड देते असं धरलं तर तिचे एकूण १२.५७ ल्यूमेन होतात. उलटं गणित रोजच्या कामाचं: ल्यूमेनला झोताच्या स्टेरेडियनने भागा, सरासरी कँडेला मिळतात.

स्पॉटलाइटच्या खोक्यावर झोताचा कोन अंशांत दिलेला असतो. मधल्या प्रखरतेच्या निम्मी प्रखरता जिथे उरते, त्या दोन कडांमधला तो कोन. ३६ अंशांचा झोत म्हणजे सुमारे ०.३१ स्टेरेडियन, १२० अंशांचा म्हणजे ३.१४. दोन दिवे घ्या, दोन्ही ४०० ल्यूमेनचे. पहिल्याचे सुमारे १,३०० कँडेला होतात आणि दुसऱ्याचे फक्त १२७. ल्यूमेन तेच, पण समोरची धार दहापट वेगळी. (खरा झोत मध्यभागी जास्त प्रखर आणि कडेला विरळ असतो, त्यामुळे हे ठोकताळे समजा.) चित्रावर किंवा मूर्तीवर उजेड पाडायचा असेल तर पहिला घ्या. सबंध खोली उजळायची असेल तर दुसरा. पहिल्याने खोली उजळायला गेलात तर जमिनीवर उजेडाचे गोल डाग आणि मधे काळोख.

टॉर्च घेताना तर ल्यूमेनपेक्षा कँडेलाच बघा. टॉर्च उत्पादक वापरतात त्या अमेरिकी प्रमाणात ‘झोताचं अंतर’ म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्सपर्यंत उतरतो तिथवरचं अंतर. यातून एक सोपं सूत्र निघतं: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दोनने गुणा, उत्तर मीटरमध्ये. १०,००० कँडेलाचं वर्गमूळ १००, म्हणून झोत २०० मीटर. झोत दुप्पट लांब हवा तर कँडेला चौपट लागतात, ४०,०००. आणि ०.२५ लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. तेवढ्यात समोर काहीतरी आहे हे दिसेल, काय आहे ते ओळखू येईलच असं नाही. खोक्यावर २०० मीटर लिहिलं असेल तर कामाचं अंतर मी त्याच्या निम्म्याहून कमीच धरतो.

पायरी ४: लक्स, म्हणजे खरोखर हाती आलेला उजेड

१ चौरस मीटरवर १ ल्यूमेन सारखा पसरून पडला की १ लक्स. पुस्तक, ओटा, कामाचं टेबल, जिना यांच्याबाबत बोलायचं तर लक्समध्येच बोलावं लागतं. काही मोजमापयंत्रांवर फूट-कँडल असतं. ते म्हणजे एका चौरस फुटावर एक ल्यूमेन, आणि लक्समध्ये आणायचं तर १०.७६ ने गुणायचं.

आधी थोडे आकडे डोळ्यांसमोर येऊ द्या. भर दुपारचं थेट ऊन म्हणजे सुमारे १,००,००० लक्स. निरभ्र दिवशी सावलीत १०,००० ते २०,०००. दाट ढग असतील तर काही हजार. कार्यालयातल्या लिहिण्यावाचण्याच्या टेबलासाठी युरोपीय प्रमाण ५०० लक्स सांगतं, येण्याजाण्याच्या बोळासाठी १००. संध्याकाळी घरातल्या बैठकीच्या खोलीत बहुतेकदा ५० ते १५० च्या दरम्यान निघतं. पौर्णिमेचं चांदणं ०.१ ते ०.३. अमावास्येच्या रात्री नुसत्या ताऱ्यांचा उजेड ०.००१ च्या आसपास. म्हणजे एकाच डोळ्याने आपण दहा कोटी पटींचा फरक निभावतो. म्हणूनच ‘बघून अंदाज’ या बाबतीत अजिबात भरवशाचा नाही.

अंतराचा नियम इथे कामी येतो. कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागलं की लक्स मिळतात. मघाचा १,३०० कँडेलाचा स्पॉट २ मीटरवरून टेबलावर ३२५ लक्स पाडतो, १२७ कँडेलाचा रुंद दिवा त्याच जागी ३२. तोच स्पॉट टेबलापासून ४ मीटर उंचीवर लावला तर ३२५ चे ८१ राहतात. दुसरं असं की उजेड तिरका पडला की तो जास्त जागेवर पसरतो आणि लक्स घटतात. ६० अंश तिरपा आला तर निम्माच. टेबलावरचा दिवा हातभर बाजूला सरकवला की कागद एकदम मंद होतो, त्यात अंतर आणि तिरकेपणा दोन्हींचा हात असतो. उजेड कमी पडतोय असं वाटलं की मोठा बल्ब आणण्याआधी दिवा जवळ आणून बघा. फुकटात काम होतं.

लक्स मोजायचे तर असे:

लक्स मीटरची पांढरी घुमटी जिथे काम करता त्या पातळीवर ठेवा. टेबलासाठी टेबलावर, जिन्यासाठी पायरीवर. हातात छातीच्या उंचीवर धरून घेतलेला आकडा कोणत्याच कामाचा नाही. घुमटीचं तोंड त्या पृष्ठभागासारखंच असू द्या, म्हणजे आडव्या टेबलासाठी वर, भिंतीवरच्या फळ्यासाठी भिंतीतून बाहेर. दिव्याकडे वळवून धरण्याचा मोह आवरा. आकडा फुगतो आणि टेबलाबद्दल काहीच सांगत नाही. मग स्वतः बाजूला व्हा. वाचण्यासाठी मीटरवर ओणवं झालात की तुमचीच सावली मोजली जाते, म्हणून आकडा धरून ठेवायचं बटण असेल तर ते वापरा. दिवा लावून थोडा वेळ जाऊ द्या, कारण बऱ्याच दिव्यांचा उजेड तापेपर्यंत बदलत असतो. दिवसा मोजत असाल तर दिवा लावून एकदा आणि बंद करून एकदा, अशी दोन वाचनं घ्या. वजाबाकी म्हणजे दिव्याचा वाटा. ढगांचा खेळ चालू असेल तर हे रात्रीच करा.

खोलीचा सरासरी आकडा हवा तर जमिनीची चौकटी-चौकटींत विभागणी करा, प्रत्येक चौकटीच्या मध्यावर वाचन घ्या आणि सरासरी काढा. सगळ्यात कमी वाचन वेगळं लिहून ठेवा. कटकट तिथेच असते.

फोनवरचं ॲप चालेल का? तुलनेपुरतं चालेल: आधी किती होतं, दिवा हलवल्यावर किती झालं. पण फोनमधला सेन्सर पडद्याचा उजेड कमीजास्त करण्यासाठी बसवलेला असतो, तिरक्या उजेडाचा हिशेब तो नीट ठेवत नाही, आणि काही ॲप तर कॅमेऱ्यावरून आकडा काढतात. त्याच जागी दोन फोन दोन आकडे दाखवतील. ‘टेबलावर ४८७ लक्स आहेत’ असं फोनच्या जोरावर लिहून देऊ नका.

खोलीसाठी किती ल्यूमेन लागतील, हे उलट गणित नवख्यांना सगळ्यात जास्त लागतं. ३ मीटर गुणिले ४ मीटरची खोली, १२ चौरस मीटर. हवेत सरासरी १५० लक्स. गुणाकार १,८०० ल्यूमेन. इथे थांबलात तर खोली अंधारीच राहणार, कारण दिव्यातून निघालेला सगळा उजेड खाली पोचत नाही. भिंती, छत आणि दिव्याचं आवरण त्यातला बराच गिळतात. साधारण निम्मा पोचतो असं धरा, ०.५. शिवाय धूळ बसते आणि दिवा जुना होतो, त्यासाठी ०.८. दोन्हींचा गुणाकार ०.४, आणि १,८०० भागिले ०.४ म्हणजे ४,५०० ल्यूमेन. भिंती गडद रंगाच्या असतील किंवा दिवे आडोशाला दडवलेले असतील तर ०.५ ऐवजी ०.३ धरायला लागेल आणि गरज साडेसात हजारांवर जाईल. म्हणून भिंतीचा रंग आधी ठरवा, दिवे नंतर.

पायरी ५: निट, म्हणजे डोळ्याला दिसणारी झळाळी

निट म्हणजे १ चौरस मीटर पृष्ठभागातून बघणाऱ्याच्या दिशेने येणारे कँडेला. फोन, लॅपटॉप, टीव्ही यांच्या पडद्यांना हेच एकक लावतात. सुरुवातीला पचायला जड जाणारी गोष्ट अशी की निट अंतराने बदलत नाहीत. पडद्यापासून लांब गेलात तर तो छोटा दिसतो, पण त्याचा पांढरा रंग तितकाच पांढरा राहतो. लक्सचा अंतराचा नियम इथे लावायचा नाही.

लक्स आणि निट यांना जोडणारा पूल मात्र आहे. साध्या, चकाकी नसलेल्या पृष्ठभागासाठी लक्सला तो किती टक्के उजेड परत फेकतो त्याने गुणा आणि ३.१४ ने भागा. ५०० लक्सच्या टेबलावर ८० टक्के परावर्तनाचा पांढरा कागद ठेवला तर ५०० गुणिले ०.८ भागिले ३.१४, म्हणजे सुमारे १२७ निट. आता त्याच टेबलावरच्या संगणकाचा पडदा ३०० निटवर चालू असेल तर तो कागदाच्या दुपटीहून जास्त झळाळणार, आणि दोघांकडे आळीपाळीने बघताना डोळे दमणार. उपाय सोपा आहे. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा, आणि दोघं सारखे दिसेपर्यंत पडदा कमी करा. कोणतंही यंत्र न वापरता पडदा त्या टेबलापुरता बरोबर लागला.

हेच गणित उन्हात करून बघा. ५०,००० लक्समध्ये तोच कागद सुमारे १२,७०० निटचा होतो. आजूबाजूचं सगळं जग त्या पातळीवर झळाळत असताना ५०० निटचा फोन काळाठिक्कर दिसतो यात नवल नाही. उन्हात वापरायचा फोन घेत असाल तर जाहिरातीतल्या ‘कमाल निट’कडे जरा संशयाने बघा. तो आकडा बऱ्याचदा पडद्याच्या छोट्याशा भागाचा आणि थोड्या वेळापुरता असतो. संपूर्ण पांढऱ्या पडद्याला सतत किती निट मिळतात, तो आकडा शोधा.

प्रोजेक्टर ही या सगळ्या एककांची परीक्षाच. त्याच्यावर ल्यूमेन लिहिलेले असतात, ते पडद्यावर लक्स होऊन पडतात आणि तुम्हाला निट होऊन दिसतात. २ मीटर रुंद आणि १.१२५ मीटर उंच पडदा म्हणजे २.२५ चौरस मीटर. १,००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर त्यावर ४४४ लक्स पाडतो. पडदा साधा पांढरा असेल तर ३.१४ ने भागून १४१ निट. चित्रपटगृहाच्या पडद्यासाठी ४८ निटचं प्रमाण आहे, म्हणजे हे भरपूरच झालं की. पण चित्रपटगृहात काळोख असतो. तुमच्या खोलीतल्या दिव्याचे नुसते ५० लक्स जरी त्या पडद्यावर पडत असले, तरी पडदा सगळीकडे १६ निटने उजळलेला राहणार. प्रोजेक्टरला काळा रंग ‘पाडता’ येत नाही. म्हणून चित्रातला काळा म्हणजे १६ निटचा राखाडी, पांढरा १५७ चा, आणि फरक जेमतेम दहापट. जास्त ल्यूमेनचा प्रोजेक्टर आणण्याआधी पडदे ओढून घ्या. आणि खोक्यावरचे ल्यूमेन एएनएसआय किंवा आयएसओ या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थांच्या पद्धतीने मोजलेले आहेत का ते वाचा. त्या पद्धतीत पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून सरासरी घेतात. नुसते ‘९,००० ल्यूमेन’ आणि पुढे काहीच नाही, तर तो आकडा गृहीत धरू नका.

पायरी ६: रंगाचे दोन आकडे

खोक्यावर केल्विन असतात, पण ते उजेडाच्या प्रमाणाचं माप नाही. २,७०० केल्विन पिवळसर, ४,००० मधला, ६,५०० निळसर पांढरा. काळा पदार्थ इतका तापवला तर त्याचा प्रकाश असा दिसेल, एवढंच ते सांगतं. ६,५०० चा बल्ब जास्त प्रखर असतो हा समज फार पसरलाय. ल्यूमेन सारखे असतील तर उजेड सारखाच.

दुसरा आकडा सीआरआय, कमाल १००. आठ ठरावीक फिक्या रंगांचे नमुने दिव्याखाली किती खरे दिसतात त्याची ही सरासरी. ८० कामचलाऊ, ९० च्या वर चांगला. त्या आठांत गडद तांबडा नाही, आणि स्वस्त एलईडी नेमक्या तिथेच मार खातात. कापड, रंगकाम, चेहऱ्याचा मेकअप किंवा त्वचेची तपासणी अशा कामांना दिवा घेत असाल तर गडद तांबड्यासाठीचा आर-९ नावाचा वेगळा आकडा विचारा.

पायरी ७: इतरांची एककं, वाटेत भेटली तर

छायाचित्रकार ‘स्टॉप’ आणि ‘ईव्ही’मध्ये बोलतात. एक पायरी वर म्हणजे उजेड दुप्पट, एक खाली म्हणजे निम्मा. आयएसओ १०० ला (इथे आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेचा आकडा) शून्य ईव्ही म्हणजे सुमारे २.५ लक्स. तिथून पंधरा वेळा दुप्पट करत गेलं की ८२,००० च्या आसपास येतं, म्हणून स्वच्छ उन्हाला १५ ईव्ही म्हणतात. लक्स मीटर नसेल तर कॅमेऱ्यावरून लक्सचा ढोबळ अंदाज असा काढता येतो.

खगोलवाल्यांची ‘प्रत’ उलटी चालते: आकडा लहान तितका तारा तेजस्वी, आणि ५ प्रतींचा फरक म्हणजे नेमका १०० पट. सूर्य उणे २६.७, पूर्ण चंद्र उणे १२.७. मधला फरक १४ प्रतींचा, म्हणजे जवळपास ४ लाख पट. आता १,००,००० लक्सच्या उन्हाला ४ लाखांनी भागा. ०.२५ लक्स! टॉर्चच्या प्रमाणातला आकडा दुसऱ्याच वाटेने तंतोतंत भेटला. असे ताळे जमतात तेव्हा एककांची भीती निघून जाते. (प्रकाशवर्ष या यादीत येत नाही. ते अंतराचं माप आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर.)

रोपं वाढवणाऱ्यांनी मात्र ल्यूमेन आणि लक्स दोन्ही विसरावेत. ती मापं माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेली आहेत, आणि पानाला तांबडा-निळा उजेड उत्तम चालतो, जो आपल्या वक्रात जवळजवळ मोजलाच जात नाही. रोपांसाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण मोजतात, दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल या हिशेबाने. भर उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास जातो. उन्हाचे लक्स ५४ ने भागले की ढोबळ मायक्रोमोल मिळतात, पण हा भाजक फक्त उन्हापुरता आहे. जांभळट दिसणाऱ्या रोपांच्या दिव्याला तो लावला तर उत्तर साफ चुकतं. तिथे विकणाऱ्याकडून मायक्रोमोलचा आकडाच मागायचा, आणि सोबत तो दिव्यापासून किती अंतरावर मोजलाय हेही विचारून घ्यायचं.